एथिलीन

कार्बनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असलेला रंगहीन, ज्वालाग्राही वायू. दुहेरी बंध असलेले सर्वांत साधे हायड्रोकार्बन. उत्कलनबिंदू सुमारे −१०४° से. पाठ्यपुस्तकांत ‘ईथीन’, खानदेशातल्या केळीच्या व्यवहारात ‘इथिलीन’.

नाव मुळापासून पाहण्यासारखे आहे. ग्रीक ‘ऐथेर’ म्हणजे वरचे निर्मळ आकाश. त्यावरून भुर्रकन उडून जाणाऱ्या एका द्रवाला ‘ईथर’ म्हणू लागले. १८३४ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी ‘ईथर’ला ग्रीक ‘ह्यूली’ (लाकूड, द्रव्य) जोडून ‘एथिल’ हा शब्द घडवला. पुढचा ‘ईन’ हा ग्रीक प्रत्यय ‘अमक्याची लेक’ असे सांगतो. एथिल या अणुगटात हायड्रोजनचे अणू ५, एथिलीनमध्ये एक कमी. म्हणून ही एथिलची लेक. जनकाची जानकी, द्रुपदाची द्रौपदी, तसेच हे. त्याआधी क्लोरीनशी संयोग होऊन तेलकट द्रव बनतो म्हणून याला ‘तेल करणारा वायू’ म्हणत. ‘ऑलिफिन’ हे कुलनाम त्यातूनच आले.

रावेर, यावल, चोपडा या तापीकाठच्या पट्ट्यात केळीचे घड हिरवेच कापतात. फळ स्वतः एथिलीन तयार करते, आणि बाहेरून थोडे मिळाले की आणखी सोडू लागते. मग स्टार्चची साखर होते, साल पिवळी पडते. आंब्याची अढी लावतात तेव्हा फळांनी सोडलेला हाच वायू गवतात कोंडला जातो. वनस्पती एथिलीन तयार करतात हे शास्त्रज्ञ रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. रायपनिंग चेंबरमध्ये (फळे पिकवण्याच्या बंद खोलीत) साधारण १६ ते १८° से. तापमानात, दमट हवेत हा वायू सोडतात; कायद्याने मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग).

फळे पिकवायला चोरून वापरतात त्या कॅल्शियम कार्बाइडची गोष्ट वेगळी, आणि ही गल्लत सर्रास होते. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन निघते, एथिलीन नव्हे. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापराला बंदी आहे.

केळीच्या बुंध्याशी अंथरलेली ठिबकची नळीही याच रेणूची. एथिलीनचे हजारो रेणू साखळीने जोडले की पॉलिएथिलीन होते. ‘पॉलि’ म्हणजे पुष्कळ. साखळी जुळताना दुहेरी बंध उघडतो, त्यामुळे रसायनशास्त्रात दुहेरी बंधाची खूण असलेला ‘ईन’ प्रत्यय नळीच्या नावात राहिला तरी तो बंध नळीत नसतो.