पोखऱ्यातले तीन मोकळे दिवस : आमच्या नेपाळ सहलीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कार्यक्रमपत्रिका हातात पडली की बहुतेकांचा फोन एकाच गोष्टीसाठी येतो. "काठमांडूचे दिवस भरगच्च, मुक्तिनाथचा तर तासन्‌तास हिशेब दिलाय, मग पोखऱ्याच्या तीन दिवसांसमोर काहीच का लिहिलं नाही?" ती जागा आम्ही मुद्दाम कोरी सोडली आहे. का सोडली, ते इथे सांगतो.

सुरुवातीला आम्हीही मुक्तिनाथहून परतल्यावर पोखऱ्यात एकच मुक्काम देत असू. पहाटे उठवून सूर्योदयाला सारंगकोट, मग गुहा, धबधबा, देऊळ, जेवण आणि लगेच बस. अशाच एका सहलीत सत्तरी ओलांडलेल्या एक काकू फेवा तलावाच्या काठावर बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला इथं तासभर नुसतं बसू द्या हो." बस सुरू होती, आम्ही त्यांना उठवलं. ते आम्हाला आजही लागून राहिलं आहे. त्यानंतर आम्ही कार्यक्रम बदलला.

थकवा कुठून येतो, तेही समजून घ्या. काठमांडू ते पोखरा अंतर २०० किलोमीटरच आहे, पण रस्ता घाटाचा आणि नदीकाठचा. सगळा दिवस त्यातच जातो. पोखरा समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास, मुक्तिनाथच्या वाटेवरचं विमानतळाचं गाव जोमसोम २,७०० च्या आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्याही वर. दोन दिवसांत शरीर एवढं वर जातं आणि तितक्याच झटक्यात खाली येतं. त्यातच मुक्तिनाथच्या देवळामागच्या १०८ धारांच्या बर्फगार पाण्याखालून जायची सगळ्यांचीच इच्छा असते. परतल्यावर दोन दिवस अंग मोडून येतं, हे आम्ही प्रत्येक गटात पाहिलं आहे.

दुसरं कारण वाऱ्याचं. काली गंडकीच्या खोऱ्यात सकाळ सरता सरता जोराचा वारा सुटतो, म्हणून जोमसोमची विमानं सकाळीच उडतात. हवा बिघडली की त्या दिवसाचं उड्डाण रद्द. असा दिवस वाया गेला तर तो या तीन दिवसांतून वळता होतो आणि तुमचं परतीचं तिकीट सुरक्षित राहतं.

मग तीन दिवस करायचं काय?

पहिल्या सकाळी उजाडायच्या आधी तलावावर चला. लेकसाइड, म्हणजे स्थानिकांचं बैदाम, तेव्हा झोपलेलं असतं. रंगीत लाकडी नावा (तिथे 'डुंगा' म्हणतात) काठाला ओळीने बांधलेल्या असतात, फळ्या दवाने ओल्या असतात. नाव थोडी आत गेली की उत्तरेकडे माछापुच्छ्रे उघडतं. तलाव अजून सावलीत असतो आणि शिखराच्या टोकावर तेवढं ऊन पडलेलं असतं. वारा नसेल तर तेच टोक पाण्यात उलटं दिसतं. नावाड्याला वल्हं थांबवायला सांगा. लाइफ जॅकेट मात्र पोहता येत असलं तरी घालायचंच.

माछापुच्छ्रे म्हणजे माशाचं पुच्छ. पोखऱ्यातून ते एकाच सुळक्यासारखं दिसतं. शेपटीची दोन टोकं बघायची तर बाजूने जावं लागतं. उंची ६,९९३ मीटर आणि तलावापासून सरळ अंतर जेमतेम ३० किलोमीटर, म्हणून ते अंगावर आल्यासारखं वाटतं. १९५७ साली एक ब्रिटिश मोहीम माथ्याच्या अगदी जवळ, सुमारे ५० मीटरवर पोचली आणि दिलेला शब्द पाळून तिथूनच परतली. पर्वत पवित्र मानला जातो, चढाईला बंदी आहे. आम्हाला ही गोष्ट फार आवडते.

तलावातल्या बेटावर ताल बाराहीचं दुमजली छपराचं देऊळ आहे. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते आणि त्या दिवशी तिथे रांग लागते. जमलं तर दुसरा दिवस निवडा. ज्यांना चालायचं आहे त्यांनी पलीकडच्या टेकडीवरच्या शांतिस्तूपापर्यंत चढून जावं. फेवाचंच पाणी पुढे पाताले छांगो या धबधब्यापाशी जमिनीत गडप होतं आणि समोरच्या गुप्तेश्वर महादेवाच्या गुहेत खालून त्याचा आवाज ऐकू येतो. पावसाळ्यात हा धबधबा धो धो असतो, हिवाळ्यात मात्र तिथे फारसं पाणी नसतं. फेवावर गर्दी वाटली तर पूर्वेला बेगनास तलाव आहे, तिथे आणखी शांत वाटतं. यातलं काहीच केलं नाही तरी चालेल.

जेवणात थकाली थाळी घ्या. भात, डाळ, भाजी, लोणचं, आणि संपलं की पुन्हा वाढतात. 'ढिंडो' मागून बघा. बरेचदा तो 'कोदो'च्या पिठाचा असतो आणि नेपाळीत कोदो म्हणजे आपली नाचणी. आमच्या कोकणातल्या पाहुण्यांनी पहिल्याच घासाला ती ओळखली होती. दुकानांच्या पाट्या देवनागरीत असल्याने फिरताना परकं वाटत नाही.

निघण्यापूर्वी

मूळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र सोबत हवंच; विमानाने जाणाऱ्या मोठ्यांनी फक्त आधारवर विसंबू नये. भारतीय १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, शंभराच्या नोटा जवळ ठेवा. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. आकाश सर्वांत स्वच्छ ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी गडगडाट होतो, कधी गाराही पडतात, त्यामुळे नावेत सकाळीच बसा. पावसाळ्यात पोखऱ्यात नेपाळमधल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांइतका पाऊस पडतो आणि शिखरं कित्येक दिवस दिसत नाहीत. त्या काळात आम्ही ही सहल काढत नाही. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मुक्तिनाथसाठी डॉक्टरांना आधी विचारा. त्यांनी नको म्हटलं तर ते दोन दिवसही पोखऱ्यातच राहायची सोय आम्ही करून देतो.

पहाटे तलावावर जायचं असेल तर आदल्या रात्री आमच्या सहल व्यवस्थापकांना सांगून ठेवा, साडेचारला चहा खोलीवर येईल.