चालकविरहित मोटार आणि दृष्टिहीन प्रवासी

दृष्टिहीन व अल्पदृष्टी व्यक्तींना चालकविरहित मोटारीतून कोणाच्याही मदतीशिवाय प्रवास करता यावा, यासाठी गाडीत, मोबाइल ॲपमध्ये आणि कायद्यात केली जाणारी सोय.

२० ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेतील ऑस्टिन शहरात स्टीव्ह माहान हे दृष्टिहीन गृहस्थ गूगलच्या छोट्या गाडीतून एकटेच फिरून आले. गाडीला स्टिअरिंग नव्हते, पेडलही नव्हते. सोबत चाचणीचालक नव्हता की पोलिसांची गाडी नव्हती. रस्ता मात्र नेहमीच्या रहदारीचा होता.

मात्र गाडी आपली आपण चालली म्हणजे सगळे साधले असे नाही. टॅक्सीवाला गाडी चालवतो, तसाच हाक मारतो, दार कुठे आहे ते सांगतो, उतरल्यावर ‘फाटक डाव्या हाताला’ म्हणतो. चालक नसला की ही कामे करायला कोणीच उरत नाही. सर्वांत कठीण असतात ती गाडीपर्यंतची शेवटची काही पावले. जीपीएस काही मीटरने चुकते. डोळस माणूस मान वळवून गाडी हेरतो. पांढरी काठी घेतलेल्याला तेवढी चूकही भोवते, कारण उभी असलेली विजेची गाडी जवळजवळ आवाजच करत नाही. भलत्याच गाडीचे दार उघडण्याची नामुष्की आणि धोका, दोन्ही त्याच्याच वाट्याला येतात.

अमेरिकेतील फीनिक्स शहराच्या परिसरात २०१८ मध्ये व्यावसायिक सेवा सुरू करणाऱ्या वेमो कंपनीचे ॲप स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालते. त्यातून हॉर्न वाजवून गाडी शोधता येते. प्रवासात काय चालले आहे हे गाडी बोलून सांगते. हॉर्नचा उपाय उपयुक्त आहे, पण गजबजलेल्या रस्त्यावर तो अपुरा पडतो. अमेरिकेच्या मेन राज्यातील विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील गटाने गाडी आणि तिचे दार गाठून देणारे ॲप तयार केले. अमेरिकी परिवहन खात्याच्या सर्वसमावेशक रचनेच्या स्पर्धेत २०२२ मध्ये ते विजेत्यांत होते.

कायद्याची अडचण वेगळीच. कॅलिफोर्नियाने डिसेंबर २०१५ मध्ये मांडलेल्या नियमांच्या मसुद्यात चालकविरहित गाडीत परवानाधारक चालक असलाच पाहिजे, अशी अट होती. ज्यांना परवाना मिळूच शकत नाही, त्यांना ही अट एकट्याने प्रवास करू देत नव्हती. अपंग हक्क कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला, तो रास्तच होता. २०१८ च्या नियमांनी चालकाशिवाय गाडी रस्त्यावर आणायला वाट मोकळी केली.