बालकर्करोगासाठी जागतिक पाठपुरावा

बालकर्करोगासाठी जागतिक पाठपुरावा : कर्करोग झालेल्या मुलामुलींना वेळेवर निदान, खात्रीची औषधे आणि शेवटपर्यंतचे उपचार मिळावेत, यासाठी सरकारांच्या व आंतरराष्ट्रीय संस्थांच्या आरोग्यधोरणात या आजाराला जागा मिळवून देण्याची चळवळ. पालकसंघटना, बालकर्करोगतज्ज्ञ, परिचारिका, समाजसेवक आणि लहानपणी कर्करोगातून बरे होऊन मोठी झालेली माणसे ती चालवतात. पाठपुरावा म्हणजे काय, हे पुढे ज्याचे उदाहरण घेतले आहे त्या कोल्हापूरला वेगळे सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले, ते वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक दशके मागणी लावून धरल्यावर. आजारी मूल मात्र ना मोर्चा काढू शकते, ना मतदान करू शकते. त्याचे म्हणणे दुसऱ्या कुणीतरीच मांडावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना दरवर्षी कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. दोन्हीकडे औषधे बहुतांशी तीच आहेत. रक्ताच्या कर्करोगावरची मेथोट्रेक्झेट, मर्कॅप्टोप्युरिन, व्हिन्क्रिस्टिन ही औषधे काही दशकांपासून वापरात आहेत आणि त्यांचे पेटंट केव्हाच संपले आहे. फरक पडतो तो निदानाला लागणाऱ्या वेळेत, औषधाच्या अखंड पुरवठ्यात, आणि हाती घेतलेला उपचार तडीस जातो की नाही यात.

इतकी मोठी दरी धोरणकर्त्यांना दिसली कशी नाही, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. गरीब देशांत बालमृत्यू म्हटले की जुलाब, न्यूमोनिया, गोवर आणि कुपोषण डोळ्यांपुढे येत, आणि ते रास्तही होते. पुढे असंसर्गजन्य आजारांकडे लक्ष वळले. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांवर राजकीय जाहीरनामा काढला, त्यात भर होता तंबाखू, दारू, अयोग्य आहार आणि बैठी जीवनशैली यांवर. मुलांच्या बहुतेक कर्करोगांचा या चौघांशी संबंध नाही. ते सवयी बदलून टळत नाहीत आणि बहुतेक सरसकट तपासणीत आधी सापडतही नाहीत. त्यामुळे ‘प्रतिबंध करा’ या घोषणेत मुले बसलीच नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत तर ही वगळणूक मोजमापातच शिरली. असंसर्गजन्य आजारांमुळे होणारे अकाली मृत्यू २०३० पर्यंत एकतृतीयांशाने कमी करायचे, असे उद्दिष्ट ३.४ सांगते, पण त्याचा निर्देशांक मोजतो ३० ते ७० या वयातले मृत्यू. सात वर्षांचे मूल रक्ताच्या कर्करोगाने गेले, तर ‘अकाली मृत्यू’च्या या हिशेबात ते येतच नाही. याहून अकाली मृत्यू कोणता असतो? कोणी मुद्दाम अन्याय केला असे म्हणता येणार नाही, पण सरकारे जे मोजतात त्यावरच खर्च करतात. म्हणून या चळवळीचा मोठा भाग मुलांना मोजायला लावण्यात गेला आहे.

चळवळीची बांधणी सावकाश झाली. बालकर्करोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था ‘सिऑप’ १९६९ मध्ये स्थापन झाली. पालकसंघटनांचा जागतिक महासंघ १९९४ मध्ये उभा राहिला. आज तो ‘चाइल्डहूड कॅन्सर इंटरनॅशनल’ या नावाने ओळखला जातो. १५ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन २००२ पासून पाळला जातो. सोनेरी फीत हे चळवळीचे चिन्ह. मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांची स्वतंत्र यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रथम काढली, २०१७ मध्ये तिच्या सदस्य देशांच्या जागतिक आरोग्य सभेने कर्करोगावर ठराव केला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये संघटनेने अमेरिकेतील मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाच्या साथीने ‘बालकर्करोगविषयक जागतिक उपक्रम’ जाहीर केला. कर्करोग झालेल्या मुलांपैकी किमान ६० टक्के मुले २०३० पर्यंत जगली पाहिजेत, हे त्याचे ध्येय. सुरुवातीला सहा कर्करोग निवडले गेले : तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, बर्किट लिम्फोमा व हॉजकिन लिम्फोमा हे लसिका संस्थेचे कर्करोग, डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा, मूत्रपिंडातील विल्म्स गाठ आणि मेंदूतील सौम्य प्रतीचा ग्लायोमा. सहाही बऱ्यापैकी आढळतात आणि उपचारांना दाद देतात. उपक्रमाच्या ‘क्युअर ऑल’ या नावाच्या कार्यचौकटीत उपचारकेंद्रे, आरोग्यविमा, उपचारपद्धती आणि मूल्यमापन यांच्या जोडीला पाठपुरावाही नाव घेऊन नोंदवलेला आहे.

पाठपुराव्याने कायदा कसा बदलतो, हे पेरूमध्ये दिसले. तिथे २०२० मध्ये झालेल्या बालकर्करोग कायद्याने उपचारांबरोबर पालकांच्या पगारी रजेचाही विचार केला. घानाने चार बालकर्करोगांचे उपचार राष्ट्रीय आरोग्यविम्यात घेतले. औषधांचा तुटवडा हटवण्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये एक जागतिक औषधपुरवठा योजना जाहीर झाली. तिच्यासाठी सेंट ज्यूडने २० कोटी डॉलर देऊ केले. मंगोलिया आणि उझबेकिस्तान या देशांना २०२५ मध्ये तिची पहिली औषधे पोचली.

कोल्हापूर जिल्ह्यात हे धोरण कागदावरून खाली उतरते तेव्हा त्याला रस्ता, रेल्वे आणि रेशनकार्ड लागते. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड अशा तालुक्यांत लहान मुलाचा न उतरणारा ताप, अंगावरचे निळे डाग, फिकी पडलेली त्वचा, पोटात हाताला लागणारी गाठ हे सगळे आधी गावच्या डॉक्टरांकडे जाते. फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकली, तर ते रेटिनोब्लास्टोमाचे लक्षण असू शकते. तिथून उपजिल्हा रुग्णालय, शहरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणजे सर्वांच्या बोलण्यातले सीपीआर, आणि पुढे अनेक कुटुंबांना मुंबईत परळचे टाटा मेमोरियल गाठावे लागते. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्र काढून सकाळी मुंबईत उतरायचे. रेल्वेभाड्यात कर्करोगाच्या रुग्णांना सवलत आहे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचारखर्च बसतो आणि रुग्णालयातील आरोग्यमित्र कागदपत्रांना मदत करतो. बुडालेली मजुरी, घरी ठेवलेले दुसरे मूल, मुंबईतले राहणे आणि जेवण यांचा खर्च मात्र कोणत्याही पॅकेजमध्ये येत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा असंख्य कुटुंबांना आसरा दिला आहे. मुक्कामाची सोय नसेल तर हक्काचाही उपयोग होत नाही, हे राजर्षी शाहू महाराजांनी शिक्षणाबाबत ओळखले होते. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली, ती त्याच जाणिवेतून. मुलांच्या कर्करोगाला तोच न्याय लागू पडतो.

सर्वांत अवघड ठिकाण उपचारांच्या मध्यावर असते. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. पहिल्या काही आठवड्यांतच मूल खेळू लागते, जेवू लागते. ‘पोरगं बरं झालं की’, असे घरचे म्हणतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. डोळ्यांना तेच दिसते. पण उरलेल्या पेशी मारण्यासाठी पुढे दीर्घकाळ गोळ्या द्याव्याच लागतात. त्या बंद पडल्या की आजार उलटतो, आणि उलटलेला आजार फार कठीण जातो. उपचार अर्धवट सुटणे हे गरीब देशांतील मृत्यूंचे मोठे कारण आहे. त्यावरचे उपाय साधे आहेत : तारीख चुकली की त्याच दिवशी घरी फोन, एसटीचे भाडे, महिन्याचे धान्य, आणि आईशी तिच्या भाषेत बोलणारा समाजसेवक.

पाऊसही हिशेबात धरावा लागतो. केमोथेरपीनंतर ‘काउंट’ म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या खाली गेलेल्या मुलाला ताप आला, तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. अशा दिवसांत मुंबईच्या रुग्णालयातले उत्तम डॉक्टर पन्हाळ्याच्या वाडीवरील तापलेल्या मुलाला वाचवू शकत नाहीत. निदान व अवघड टप्पे मोठ्या केंद्रात आणि ताप, रक्त चढवणे, देखभालीच्या गोळ्या हे जिल्ह्यात, अशी विभागणी जगभर सुचवली जाते, तिची कोल्हापूरला म्हणूनच खरी निकड आहे.

नोंदणी हा पाठपुराव्याचा आधार. महाराष्ट्रात बार्शीला १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली; गावोगावी जाऊन, लोकांशी बोलून, लक्षणे समजावून रुग्ण शोधण्याची तिची पद्धत इतरांनी अभ्यासली. बालकर्करोगात अशा नोंदवहीत आणखी एक रकाना लागतो : उपचार पुरे झाले की सुटले, आणि सुटले तर कोणत्या महिन्यात.