स्मोक ऑन द वॉटर

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे गाणे. ‘मशीन हेड’ या अल्बममध्ये ते मार्च 1972 मध्ये प्रसिद्ध झाले. गाण्याची लांबी सुमारे 5 मिनिटे 40 सेकंद. गायक इयन गिलन, गिटारवादक रिची ब्लॅकमोर, बासवादक रॉजर ग्लोव्हर, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड आणि ड्रमवादक इयन पेस या पाचही जणांच्या नावावर ते आहे. जगभरात गिटार हाती घेणारा माणूस बहुधा याच गाण्याच्या सुरावटीने सुरुवात करतो, आणि बहुधा ती चुकीची वाजवतो. दिसायला सोपी असलेली ही रचना नेमकी कशी बांधली आहे, हे म्हणूनच बारकाईने पाहण्यासारखे आहे.

आगीची रात्र. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा सरोवराकाठच्या माँत्रो गावात कसिनोच्या रिकाम्या सभागृहात अल्बम ध्वनिमुद्रित करायचा, असा बँडचा बेत होता. त्यासाठी रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ध्वनिमुद्रणाची सगळी यंत्रे बसवलेला ट्रक, भाड्याने आणला होता. कसिनो हिवाळ्यासाठी बंद होण्याआधी तिथे एकच कार्यक्रम उरला होता, तो फ्रँक झापा आणि त्यांच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शन या बँडचा. 4 डिसेंबर 1971 रोजी तो रंगात आला असताना प्रेक्षकांतल्या एकाने फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा पेटता गोळा सोडणारे पिस्तूल, छताकडे झाडली. छताला वेताचे आच्छादन होते. ते पेटले आणि बघता बघता इमारत भस्मसात झाली. माँत्रो जॅझ महोत्सवाचे संस्थापक क्लोद नोब्स यांनी आत अडकलेल्या तरुणांना बाहेर काढले. गाण्यात ज्याचा उल्लेख आहे तो ‘फंकी क्लॉड’ म्हणजे हेच. कोणीही दगावले नाही, पण झापांच्या बँडची सारी वाद्ये जळाली. डोंगराकडून सुटलेल्या वाऱ्याने धूर सरोवरावर लोटला आणि पाण्यावर पसरत गेला. डीप पर्पलचे लोक हॉटेलातून ते पाहत होते. काही दिवसांनी ग्लोव्हर झोपेतून जागे होताना गाण्याचे शीर्षक त्यांच्या तोंडून निघाले. हे अमली पदार्थांवरचे गाणे वाटेल, अशी शंका आधी बँडलाच आली होती.

ध्वनिमुद्रण. पर्यायी जागा म्हणून पॅव्हिलियन नावाचे नाट्यगृह मिळाले. तिथे वाद्यसंगीताचा ट्रॅक रात्री उशिरा मुद्रित होत असताना आवाजाच्या तक्रारींवरून पोलीस आले. बँडच्या मदतनिसांनी दार आतून धरून ठेवले, टेक पूर्ण झाला आणि मग सगळ्यांना तिथून बाहेर पडावे लागले. पुढचे काम हिवाळ्यामुळे ओस पडलेल्या ग्रँड हॉटेलात झाले. वाद्ये मार्गिकेत मांडली आणि आवाज घुमू नये म्हणून गाद्या उभ्या केल्या. ट्रकपर्यंत जायची वाट खोल्या आणि बाल्कन्यांतून इतकी वेडीवाकडी होती, की मुद्रित झालेले ऐकायला जाणेच वादकांनी सोडून दिले. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च होते. शेवटी अल्बमला एक गाणे कमी पडू लागले, तेव्हा पॅव्हिलियनमधला तो ट्रॅक बाहेर काढला आणि आगीची हकीकत त्यावर शब्दांत बसवली.

रिफची रचना. गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी ही छोटी सुरावट, म्हणजेच रिफ, जी मायनर ब्लूज स्केल या स्वरसमूहात आहे. जी हा षड्ज धरला तर वरच्या सुरांची ओळ अशी होते: सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, म, सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. एकूण बारा आघात. प्रत्येक सुराखाली चार सूर खालचा जोडीदार सूर एकाच वेळी वाजतो: साखाली मंद्र पंचम, गखाली मंद्र कोमल निषाद, मखाली सा. गिटारवर ही जोडी चौथ्या (डी) आणि तिसऱ्या (जी) तारेवर मिळते. दोन्ही तारा मोकळ्या, मग तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी, तिच्यामागे तार दाबायची), मग पाचवा. दुसऱ्या तुकड्यात मोकळ्या, तिसरा, सहावा, पाचवा. शेवटी मोकळ्या, तिसरा, पाचवा, तिसरा, मोकळ्या. एकच बोट दोन्ही तारांवर आडवे ठेवले की पुरते.

खरी मेख लयीत आहे. चार बार, म्हणजे चार-चार मात्रांचे चार गट, म्हणजे सोळा मात्रा. तीनतालाच्या एका आवर्तनाइतक्या. पहिले तीन आघात 1, 2 आणि 3 या मात्रांवर पडतात. त्यानंतरचे मात्र साडेचार, साडेपाच, साडेसहावर येतात आणि सातव्या मात्रेवर सुरावट पुन्हा ठोक्यावर उतरते. पुढे 9, 10, 11, मग साडेबारा आणि साडेतेरा. नवशिके दुसरा तुकडाही सरळ ठोक्यावर बसवतात आणि रिफची चाल मोडते. टाळी धरून, तोंडाने मात्रा म्हणत वाजवले की चूक लगेच कळते. मूळ गाण्याची गती मिनिटाला साधारण 112 ठोके आहे.

दुसरी चूक म्हणजे ही जोडी पॉवर कॉर्डने वाजवणे. पॉवर कॉर्डमध्ये मूळ सूर खाली आणि पंचम वर असतो. इथे ते उलटे आहे, त्यामुळे जोडी किंचित अधांतरी वाटते आणि पुढच्या सुराकडे ओढते. तिसरी चूक पिकची, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पट्टीची. पिकने डी तार कणभर आधी वाजते. ब्लॅकमोर दोन्ही तारा बोटांनी एकदम खेचतात, म्हणून आघात एकसंध येतो. सर्वांत जाड तारेवर 0-3-5 असे वाजवले तर सुरावट ओळखू येते, पण ती ई मध्ये जाते आणि मूळ रेकॉर्डबरोबर वाजवताना जुळत नाही.

अनेक जण भरीवपणासाठी डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची खरखर, वाढवतात आणि जोडीतले दोन्ही सूर एकमेकांत कालवले जातात. रेकॉर्डवरचा तो भरीवपणा एकट्या गिटारचा नाही. लॉर्ड यांनी हॅमंड ऑर्गन मार्शल ॲम्प्लिफायरमधून, खरखरीत करून, तीच सुरावट गिटारसोबत वाजवली आहे. वाद्ये एकेक करून येतात: आधी गिटार, मग हाय-हॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी) आणि ऑर्गन, मग बाकीचे ड्रम, शेवटी बास. बास रिफची नक्कल करत नाही, जी हाच सूर धावत्या लयीत धरून ठेवतो. षड्ज असा पक्का असल्यामुळेच वरचा तीव्र मध्यम इतका बोचतो. ध्रुवपदात सी, ए फ्लॅट आणि मग पुन्हा जी. एवढ्यावर गाणे उभे आहे.

प्रसार आणि वारसा. अल्बममधून आधी ‘नेव्हर बिफोर’ हे गाणे सिंगल, म्हणजे एका गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड, म्हणून काढले गेले. ऑगस्ट 1972 मधल्या जपान दौऱ्यातल्या ‘मेड इन जपान’ या लाइव्ह अल्बमने ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ताकद दाखवली. 1973 मध्ये अमेरिकेत ते सिंगल म्हणून आले आणि बिलबोर्ड हॉट 100 यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. आर्मेनियातल्या डिसेंबर 1988 च्या भूकंपग्रस्तांसाठी 1989 मध्ये ते नव्याने ध्वनिमुद्रित झाले. त्यात गिलन आणि ब्लॅकमोर यांच्यासह ब्रायन मे, टोनी आयोमी, डेव्हिड गिलमोर, ब्रूस डिकिन्सन यांनी भाग घेतला.

माँत्रोचा कसिनो 1975 मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यातला माउंटन स्टुडिओ पुढे क्वीन या बँडने विकत घेतला. क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले होते. सरोवराकाठी त्यांचा पुतळा आहे, आणि त्याच्या शेजारीच डीप पर्पलचे स्मारकशिल्प. त्यावर बँडचे नाव, गाण्याचे शीर्षक आणि रिफचे स्वरलेखन आहे.