ईसीयू रीमॅपिंग

मोटारीच्या इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकात (ईसीयू) कंपनीने भरलेले आकडे बदलून इंजिनाची ताकद, ओढ किंवा इंधनखप हवा तसा करून घेण्याची पद्धत. गॅरेजमध्ये हिला नुसते ‘रीमॅप’ म्हणतात.

ईसीयूत तक्ते असतात, त्यांना मॅप म्हणतात. एका बाजूला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत इंधन किती सोडायचे, ठिणगी किती अंश आधी पाडायची, टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब किती ठेवायचा याचा आकडा. कंपनी हे आकडे हात राखून भरते. तीच गाडी नागपूरच्या मे महिन्यात आणि भेसळीच्या पेट्रोलवरही चालायला हवी. हीच राखीव ताकद ट्यूनर बाहेर काढतो. टर्बो इंजिनात ती साधारण २० ते ३० टक्के भरते. बिनटर्बो पेट्रोल इंजिनात मात्र जेमतेम काही टक्के हाती लागतात आणि एवढा खर्च करण्यात फारसा अर्थ नसतो.

१९८०च्या दशकात ईसीयू उघडून आतली चिप बदलावी लागे. अमेरिकेत १९९६पासून ओबीडी-२ (गाडीतील बिघाड वाचण्याची ठरावीक व्यवस्था आणि तिचा सॉकेट) सक्तीचे झाले. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश मेमरीही रुळली आणि डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधूनच फाइल वाचता-लिहिता येऊ लागली. फाइल चढत असताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर ईसीयू निकामी होऊ शकतो, म्हणून जाणता माणूस आधी चार्जर लावतो. सॉकेटमधून फाइल लिहू न देणारा कुलूपबंद ईसीयू अनेकदा गाडीतून काढून टेबलावर जोडावा लागतो.

‘ट्यूनिंग बॉक्स’ ईसीयूला हातच लावत नाही. तो सेन्सरचा संदेश मध्येच बदलून ईसीयूला चकवतो; काढला की गाडी पूर्ववत. सोय मोठी, पण नियंत्रण ओबडधोबड. रेसिंगसाठी किंवा इंजिनच बदलले असेल तर मोटेक, हॉलटेक, मेगास्क्वर्ट असे स्वतंत्र ईसीयू बसवतात; तेव्हा सगळे तक्ते जवळपास शून्यापासून भरावे लागतात.

साधन कोणतेही असो, खरी परीक्षा आकडे भरणाऱ्याची. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी हवा-इंधन प्रमाण १४.७ला १ लागते, पण पूर्ण भारावर ते १२.५च्या आसपास, म्हणजे इंधन थोडे जास्त, ठेवतात. ठिणगी दोन-तीन अंश जास्त आधी पाडली तर नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) सुरू होऊन पिस्टन जाऊ शकतो. नव्या ईसीयूत नुसता दाब वाढवूनही भागत नाही. टॉर्कमर्यादेचा (इंजिनाने जास्तीत जास्त किती ओढ द्यायची याचा) तक्ता तसाच राहिला तर ईसीयू स्वतःच थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, मिटतो. म्हणून डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), हवा-इंधन प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून, टप्प्याटप्प्याने काम करतात. सगळ्यांना एकच तयार फाइल चढवणारे दुकान टाळलेले बरे.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांना आळा घालते. डिझेल गाडीचा डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) किंवा ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत फिरवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी व्यवस्था) सॉफ्टवेअरमधून बंद करणे हे तर सरळ प्रदूषण नियंत्रण काढून टाकणे होय. पीयूसीत डिझेलचा फक्त धूर मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नव्हे. त्यामुळे ईजीआर बंद केलेली गाडीही तिथे पास होऊ शकते. वॉरंटीचे तसे नाही: अनेक ईसीयू फ्लॅश किती वेळा झाले याची नोंद ठेवतात, आणि मूळ फाइल परत चढवली तरी ती पुसली जात नाही.