डीएनएच्या रचना टोकांपाशीच का उसवतात?

संशोधक पॉल रोथमंड यांनी 2006 साली एम13 या विषाणूचा 7,000 हून अधिक न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे डीएनएच्या एकेका दुव्याचा, एकेरी डीएनए घेतला. त्यात 200 हून जास्त आखूड धागे मिसळले, मिश्रण तापवून हळूहळू निववलं आणि सुमारे 100 नॅनोमीटरच्या चांदण्या, त्रिकोण, हसरे चेहरे आपोआप घडले. आखूड धागे लांब धाग्याला ठिकठिकाणी दुमडून धरतात, म्हणून त्यांना स्टेपल म्हणतात.

सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात अशी आकृती अखंड दिसते, प्रत्यक्षात ती खाचांनी भरलेली असते. प्रत्येक स्टेपलला दोन टोकं, म्हणजे एका आकृतीत 400 हून जास्त टोकं झाली. तीही फक्त कडेला नाहीत. एक स्टेपल संपून पुढचा सुरू होतो तिथे, अगदी आकृतीच्या मध्यभागीही, दोन धागे नुसते शेजारी टेकलेले असतात. त्यांच्यात रासायनिक बंध नसतो. या रचनांमधून शरीरात औषध पाठवायची कल्पना मला फार मोलाची वाटते, आणि तिचं यश बरंचसं या टोकांवर अवलंबून आहे.

डीएनएचे दोन धागे समोरासमोरच्या न्यूक्लिओटाइडांच्या जोड्यांनी एकत्र राहतात. त्यातली टोकाची जोडी मुळातच कमकुवत. मधल्या प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी शेजारणींचा आधार मिळतो, टोकाच्या जोडीला एकाच बाजूने. त्यामुळे ती सतत उघडते, मिटते. तापमान वाढवलं की शिवणीसारखी टोकाकडूनच उसवायला लागते.

रक्तात तर एन्झाइम टपलेलेच असतात. रक्तद्रवातले काही एन्झाइम धागा टोकापासून कुरतडत जातात, आणि त्यांचा मुख्य रोख तीन-प्राइम टोकावर असतो (धाग्याच्या एका टोकाला तीन-प्राइम म्हणतात, दुसऱ्याला पाच-प्राइम). तिथे साखरेच्या कड्यावर एक मोकळा हायड्रॉक्सिल गट असतो. एन्झाइम त्या टोकाला बसतो, शेवटचा फॉस्फेट बंध पाण्याच्या रेणूच्या मदतीने तोडतो आणि एक न्यूक्लिओटाइड सुटतं. सुटताना मागे पुन्हा तसाच हायड्रॉक्सिल उघडा पडतो, की पुढचा घास तयार!

म्हणजे हे टोक एन्झाइमला ओळखू येणार नाही असं करायचं. एक युक्ती म्हणजे शेवटचं न्यूक्लिओटाइड उलटं जोडणं. तीन-प्राइमला तीन-प्राइम जोडलं की बाहेर पाच-प्राइम बाजू येते आणि एन्झाइमला पकडच मिळत नाही. डोळ्यांच्या विकारावरच्या, 2004 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पेगाप्टानिब या आरएनए-औषधात हीच युक्ती वापरली आहे. दुसरा उपाय म्हणजे टोकाजवळच्या फॉस्फेटमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवणं. तिसरा, टोकाला हेक्साएथिलीन ग्लायकॉलसारखी छोटी साखळी लावणं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात हनादी स्लीमन यांच्या गटाने 2013 मध्ये डीएनएच्या त्रिकोणी प्रिझमवर हा तिसरा उपाय करून पाहिला. टोकं झाकलेले धागे रक्तद्रवात जास्त टिकलेच, पण ते प्रिझममध्ये गुंफले गेल्यावर सुट्या धाग्यांपेक्षाही चिवट निघाले. मला यातलं सगळ्यात बोलकं निरीक्षण हेच वाटतं. टोक झाकणं आणि घट्ट गुंफण हे दोन्ही उपाय एकमेकांना बळ देतात.

अर्थात टोपी घातली म्हणून सगळं निभावत नाही. डीएनेज-1 हा एन्झाइम धागा मधूनच तोडतो, त्याला टोकाशी देणंघेणं नसतं. शिवाय फॉस्फेटचे ऋण भार एकमेकांना दूर ढकलत असतात. ते शमवायला या रचना सहसा 10 ते 20 मिलिमोलर मॅग्नेशियममध्ये ठेवतात. रक्तातलं मॅग्नेशियम त्या मानाने फारच कमी.

इथे टोकं झाकण्यापेक्षा ती एकमेकांना कायमची जोडणं जास्त उपयोगी पडतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात हेंड्रिक डिट्झ यांच्या गटाने 2018 मध्ये ते करून दाखवलं. त्यांनी धाग्यांच्या टोकांना जादा थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक, टी) जोडली आणि रचनेवर 310 नॅनोमीटरचे अतिनील किरण टाकले. शेजारशेजारच्या थायमिनमध्ये पक्का बंध तयार झाला. उन्हामुळे त्वचेच्या पेशींमधल्या डीएनएला जी इजा होते, तोच हा बंध. त्यानंतर या रचना 90 अंश सेल्सिअसपर्यंत आणि शुद्ध पाण्यातही तग धरून राहिल्या. शरीरात घातक ठरणारी ही अभिक्रिया इथे वेल्डिंगच्या कामी आली, हे मला विलक्षण वाटतं.

टोकांची आणखी एक खोड आहे. बाहेरच्या कडेवरची बोथट टोकं, म्हणजे जिथे दोन्ही धागे एकाच जागी संपतात ती, एकमेकांवर रचली जातात आणि दोन रचना कडेला कडा लावून चिकटतात. रोथमंड यांच्या आकृत्यांतही असं घडलं होतं. त्यावर उपाय म्हणून कडेच्या टोकांना थायमिनच्या छोट्या शेपट्या लावतात. थायमिन एकमेकांवर फारशी घट्ट रचली जात नाहीत, त्यामुळे रचना सुट्या राहतात. मात्र अतिनील किरण वापरायचे असतील तर या शेपट्या कुठे ठेवायच्या हे आधीच ठरवावं लागतं, कारण वेल्डिंग होतं तेही याच थायमिनमध्ये.