डिझेल पिकअप, अवजड

उत्तर अमेरिकेत चाकांवरचे मोठे घर, म्हणजेच कॅम्पर ट्रेलर, ओढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, मागे उघडा हौदा आणि पुढे डिझेल इंजिन असलेल्या गाड्यांचा वर्ग. फोर्डची सुपर ड्यूटी, रॅम २५०० व ३५००, शेव्हरोलेची सिल्व्हराडो एचडी आणि तिच्याच सांगाड्यावरची जीएमसी सिएरा एचडी एवढ्या नावांत हा वर्ग जवळजवळ संपतो. भारतात पिकअप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मालवाहू गाड्यांशी त्यांचे साम्य हौद्यापुरतेच आहे. अमेरिकी बोलीत त्यांना पाऊण टनी व एक टनी म्हणतात. ही नावे जुन्या काळच्या भारक्षमतेवरून पडली आणि प्रत्यक्ष क्षमता कितीतरी वाढल्यावरही टिकून राहिली. सरकारी वर्गीकरण गाडीच्या कमाल अनुज्ञेय एकूण वजनावर चालते. ८,५०१ ते १०,००० पौंड (४,५३६ किग्रॅ.पर्यंत) हा वर्ग २ब, तर १०,००१ ते १४,००० पौंड (६,३५० किग्रॅ.पर्यंत) हा वर्ग ३.

यांतली भरवशाची गाडी कोणती, असा प्रश्न बहुधा कंपनीचे नाव घेऊन विचारला जातो. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांच्या इंजिनांत मात्र इतका फरक आढळतो, की नावावरून केलेली निवड फसण्याचा संभव मोठा. इंजिनाची पिढी, इंधनपंपाचा प्रकार आणि मागच्या आसावर उरणारी भारक्षमता यांवरून निवड करणे अधिक सुरक्षित ठरते.

प्रारंभ : अमेरिकेतील पहिली डिझेल पिकअप कोणती, याविषयी एकमत नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या स्काउट गाडीची टेरा ही हौद्याची आवृत्ती १९७६ पासून निस्सानच्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनासह मिळे, म्हणून काही जण तिला पहिला मान देतात. पण ती हलकी गाडी होती. १९७८ च्या सुमारास डॉजने आपल्या पिकअपमध्ये मित्सुबिशीचे डिझेल इंजिन दिले आणि त्याच सुमारास जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिलचे ५.७ लिटरचे व्ही-८ डिझेल अर्ध्या टनी गाडीत बसवले. डॉजच्या गाड्या फार थोड्या निघाल्या. ओल्डस्मोबिलच्या इंजिनाने मात्र अमेरिकी ग्राहकाच्या मनात डिझेलविषयी दीर्घकाळ अढी निर्माण केली. डिझेलच्या दाबाला सिलिंडर हेडचे बोल्ट पुरे पडत नसत आणि इंधनातले पाणी वेगळे काढण्याची सोय नव्हती. परिणामी हेड गॅस्केट उडणे व पंप गंजणे या तक्रारी सर्रास येत.

पिकअपसारख्या गाड्यांसाठी मुद्दाम आखलेले पहिले देशी इंजिन म्हणून जनरल मोटर्सच्या ६.२ लिटरच्या इंजिनाचा (१९८२) उल्लेख होतो. फोर्डने १९८३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून ६.९ लिटरचे इंजिन घेतले. ही दोन्ही इंजिने टर्बोविना (म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याविना) आणि अप्रत्यक्ष अंतःक्षेपणाची, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरऐवजी शेजारच्या छोट्या कप्प्यात फवारणारी होती. इंधनाची बचत हा त्यांचा मुख्य हेतू, ओढशक्ती दुय्यम. त्यामुळे ओढकामाच्या दृष्टीने या वर्गाचा आरंभ १९८९ च्या कमिन्स-डॉजपासून धरणारे मत येथे अधिक ग्राह्य मानले आहे. अमेरिकेत मॉडेल वर्ष पंचांगी वर्षाच्या काही महिने आधीच सुरू होते, म्हणून या सर्व तारखांत निरनिराळ्या ग्रंथांत एका वर्षाचा फरक दिसतो.

कमिन्स : डॉजने (२००९-१० पासून रॅम) घेतलेले ५.९ लिटरचे बी मालिकेतील इंजिन मुळात पिकअपसाठी नव्हतेच. कमिन्स आणि शेती-यंत्रे बनवणारी केस कंपनी यांच्या भागीदारीतून ते आले. सहा सिलिंडर एका रांगेत, ब्लॉक व हेड ओतीव लोखंडाचे, कॅमशाफ्ट दातेरी चाकांवर फिरणारा, टर्बो आणि थेट अंतःक्षेपण अशी त्याची रचना होती. आरंभीची शक्ती १६० अश्वशक्ती आणि पीळ (टॉर्क) ४०० पौंड-फूट (सु. ५४२ न्यूटन-मीटर) एवढाच होता, पण तो कमी फेऱ्यांवर मिळे आणि घाटात टिके. महाराष्ट्राला हे घराणे अपरिचित नाही. किर्लोस्कर कमिन्स कंपनी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झाली. पुढे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्सने जमशेदपूरला याच बी मालिकेची इंजिने टाटाच्या ट्रकांसाठी बनवली आणि फलटण येथेही तिचा कारखाना आहे.

१९९४ ते १९९८ मधील बारा व्हॉल्व्हच्या आवृत्तीला जाणकार आजही सर्वांत वर ठेवतात. तिच्यावर बॉशचा पी७१०० हा रांगेतल्या प्लंजरांचा (दट्ट्यांचा) यांत्रिक पंप असे. आपल्याकडचे ट्रकमेस्त्री ज्याला ‘मायको पंप’ म्हणून ओळखतात, त्याच जातीचा. त्याचा कॅम इंजिनाच्या तेलात फिरतो, त्यामुळे डिझेलच्या वंगणक्षमतेवर तो फारसा अवलंबून नसतो. या इंजिनाचा एक दोष मात्र कुप्रसिद्ध आहे. पुढच्या बाजूला दातेरी चाकांचे आवरण जागेवर बसवणारी पोलादी खुंटी कालांतराने सैल होऊन चाकांमध्ये पडते आणि आवरण फोडते. जुनी गाडी घेताना ही खुंटी पत्र्याच्या पट्टीने बंद केली आहे का, हे पाहतात. १९९८ च्या मध्यावर आलेल्या चोवीस व्हॉल्व्हच्या आवृत्तीत व्हीपी४४ हा इलेक्ट्रॉनिक फिरता पंप आला. त्याचे वंगण व थंडावा दोन्ही डिझेलवर अवलंबून. टाकीकडून डिझेल ढकलणारा छोटा पंप कमजोर पडला, की मोठा पंपही जळे. २००३ पासूनच्या कॉमन रेल आवृत्तीत (उच्च दाबाच्या एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, सर्व इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या) हा प्रश्न सुटला. २००७ च्या मध्यापासून ६.७ लिटरचे इंजिन आहे.

फोर्ड व जनरल मोटर्स : १९९४ च्या मध्यापासून २००३ पर्यंतचे ७.३ लिटरचे पॉवर स्ट्रोक हे नॅव्हिस्टरचे (पूर्वीची इंटरनॅशनल हार्वेस्टर) इंजिन आवाजी व संथ, पण दीर्घायुषी म्हणून नावाजले. त्यानंतरच्या ६.० लिटरच्या इंजिनाची गोष्ट याच्या उलट आहे. त्यात तेल थंड करणारा कूलर गाळाने तुंबतो. त्यामुळे पुढच्या ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या भागाला) पाणी कमी मिळून तो तडकतो. पाणी सिलिंडरकडे जाते आणि दाब वाढून हेडचे बोल्ट ताणले जातात. एका कूलरपासून सुरू झालेली ही साखळी हेड गॅस्केटपर्यंत पोहोचते. फोर्ड व नॅव्हिस्टर यांचे संबंध या काळात न्यायालयापर्यंत गेले. ६.४ लिटरचे इंजिन (२००८–१०) अल्पायुषी ठरले. २०११ पासून फोर्डने ६.७ लिटरचे इंजिन स्वतः आखले व तेच सुधारत नेले.

जनरल मोटर्सच्या ६.५ लिटरच्या इंजिनात पंपाचा इलेक्ट्रॉनिक भाग पंपावरच बसवल्याने तापून निकामी होई. २००१ मध्ये इसुझूच्या भागीदारीत ड्युरामॅक्स हे नवे इंजिन आले. सोबत ॲलिसनचा गिअरबॉक्स. पहिल्या पिढीत (२००१–०४) इंजेक्टर गळत आणि ते व्हॉल्व्ह-कव्हरच्या आत असल्याने बदलणे महाग पडे. २००६-०७ ची पिढी जुन्या बाजारात भाव खाते; धुरातली काजळी अडवणारी कणगाळणी येण्यापूर्वीची ती शेवटची होय.

पंपाचा वाद : विश्वासार्हतेविषयीचा सर्वांत मोठा तांत्रिक वाद बॉशच्या सीपी४ पंपाविषयी आहे. हा पंप फोर्डमध्ये २०११ पासून, ड्युरामॅक्समध्ये २०११ ते २०१६ आणि रॅममध्ये २०१९ व २०२० या मॉडेल वर्षांत होता. आधीच्या सीपी३ मध्ये विकेंद्री दांड्याभोवती तीन प्लंजर असत. सीपी४ मध्ये दोनच प्लंजर, आणि प्रत्येकाखाली कॅमवर फिरणारा रोलर. हा रोलर धरणारा टॅपेट स्वतःभोवती किंचित जरी वळला, तरी रोलर कॅमवर लोळण्याऐवजी आडवा घासू लागतो. पोलादाचा बारीक कीस निघतो आणि तो रेल, इंजेक्टर, परतीची नळी व टाकी असा सर्वत्र पसरतो. नुसता पंप बदलून भागत नाही. सबंध इंधनव्यवस्था बदलावी लागते आणि खर्च दहा हजार डॉलरच्या घरात जातो.

दोष कोणाचा? एक मत इंधनाकडे बोट दाखवते. २००६ पासून अमेरिकेत गंधक १५ भाग प्रतिदशलक्षपर्यंत कमी केलेले डिझेल आले. वंगणक्षमतेच्या चाचणीत पडणाऱ्या ओरखड्याची मर्यादा अमेरिकी मानकात ५२० मायक्रॉन, तर युरोपीय मानकात ४६० मायक्रॉन आहे. म्हणजे अमेरिकी डिझेल अधिक कोरडे असू शकते. दुसरे मत इंधनात शिरलेले पाणी व हवा यांवर भर देते. तिसरे मत रचनेलाच दोष देते. तेच डिझेल वापरून सीपी३ वर्षानुवर्षे चालला. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये डेन्सोचा पंप स्वीकारला. आणि रॅमने २०२१ मध्ये गाड्या परत बोलावून सीपी४ च्या जागी पुन्हा सीपी३ बसवला. या घटना तिसऱ्या मताला पुष्टी देतात. अर्थात सीपी३ वर दाब तुलनेने कमी असे, हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. फोर्डमध्ये या बिघाडाचे प्रमाण कमी असल्याचे दुरुस्ती करणारे सांगतात. तरीही मोठे ट्रेलर ओढणारे अनेक मालक कीस इंजेक्टरकडे न जाता गाळणीमार्गे टाकीकडे वळवणारा संच बसवून घेतात. पाणी-गाळणी वेळेवर रिकामी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय, आणि त्याची हेळसांडही सर्वाधिक होते.

ओढक्षमता व भारक्षमता : पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ओढक्षमता जाहीर करी. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेच्या जे२८०७ या मानकाने (२००८) त्याला शिस्त लागली. त्यातील चढाची कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या ११.४ मैलांच्या (सु. १८ किमी.) घाटाला धरून आहे. बाहेर किमान १००° फॅ. (सु. ३८° से.) तापमान व वातानुकूलन पूर्ण चालू असताना, मागे दोनच चाके असलेल्या गाडीचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये.

कागदावरचा हा आकडा खरेदीदाराला बहुधा दिलासा देतो, पण अडचण दुसरीकडे असते. मोठे कॅम्पर ‘फिफ्थ व्हील’ जातीचे असतात. त्यांची खुंटी हौद्यात, मागच्या आसाच्या डोक्यावर टेकते आणि ट्रेलरच्या वजनाचा सुमारे १५ ते २५ टक्के भार गाडीवर येतो. गाडीमागे चेंडूवर जोडलेल्या ट्रेलरांत हा भार १० ते १५ टक्के असतो. उदाहरणार्थ, भरलेला कॅम्पर ६,३५० किग्रॅ. असेल, तर २० टक्क्यांनी १,२७० किग्रॅ. खुंटीवर आले. हिच (ट्रेलर अडकवण्याची जोडणी) ८० किग्रॅ., चार माणसे व सामान २७० किग्रॅ. मिळून बेरीज १,६२० किग्रॅ. पाऊण टनी, चार दारांच्या डिझेल गाडीचे अनुज्ञेय वजन ४,५३६ किग्रॅ. आणि रिकामे वजन ३,५०० किग्रॅ.च्या आसपास धरले, तर उरतात जेमतेम १,०३६ किग्रॅ. तीच गाडी कंपनीच्या पत्रकात हा ट्रेलर सहज ओढू शकते! डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा बरेच जड असल्याने तुटीत भरच पडते. अशा कॅम्परसाठी एक टनी, आणि शक्यतो मागे चार चाकांची गाडी घ्यावी. गाडीची नेमकी भारक्षमता चालकाच्या दारालगतच्या खांबावरील पट्टीवर छापलेली असते. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यापेक्षा ती पट्टी प्रमाण मानावी. प्रत्यक्ष वजन महामार्गावरील ट्रकतळांच्या काट्यावर आसनिहाय करून मिळते.

शक्ती : फोर्डचे वरच्या शक्तीचे ६.७ लिटरचे इंजिन (२०२३) ५०० अश्वशक्ती व १,२०० पौंड-फूट, ड्युरामॅक्स (२०२४) ४७० व ९७५, तर कमिन्स (२०२५) ४३० व १,०७५ एवढी क्षमता देते. कॅम्परसाठी हा फरक निर्णायक नाही. उतारावर ट्रेलर आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक हे मात्र डिझेल घेण्याचे सबळ कारण आहे. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मी. उंचीवर आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांचे तीव्र उतार केवळ चाकांच्या ब्रेकवर उतरल्यास ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. टर्बोमुळे विरळ हवेतही डिझेलची शक्ती फारशी घटत नाही. वर्षातून थोडाच प्रवास करणाऱ्याला सुमारे दहा हजार डॉलर जास्त मोजून डिझेल घेणे परवडेलच असे नाही.

धूरनियंत्रण : २००७ पासून कणगाळणी आणि २०१० च्या सुमारास धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे घटवणारे युरियाद्रावण आले. लहान फेऱ्यांत गाळणी पुरेशी तापत नाही आणि तुंबते. लांब ओढकामात ती आपोआप स्वच्छ होते, म्हणून कॅम्परवाल्यांना तिचा त्रास तुलनेने कमी. ही उपकरणे काढून टाकणे संघीय कायद्याने बेकायदा आहे, आणि तशी गाडी जुन्या बाजारात टाळावी. रॅम गाड्यांतील धूरनियंत्रणाच्या आज्ञावलीबद्दल कमिन्सने २०२३ च्या अखेरीस १६७.५ कोटी डॉलर दंड मान्य केला.

परवाना : नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांवरील फिफ्थ व्हील कॅम्परसाठी बिगरव्यावसायिक ‘अ’ वर्गाचा परवाना लागतो.